सासऱ्यांच्या गाडीचं इंजिन

मागितलं असतं तर मिळालं असतं. जावयाला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. म्हणूनच मी मागितलं नाही. मागितलेलं सगळ्या घराला कळतं, उचलून नेलेलं कुणाला कळत नाही, असा माझा समज होता.

मी धुळ्याला देवपुरात राहतो. पन्नाशी उलटलीय. कचेरीत मान खाली घालून काम करणारा माणूस. नाद एकच: जुन्या गाड्यांचे भाग जुळवून ढेकळांतून उड्या मारणारी गाडी बनवायची. दीपनगरच्या कॉलनीत एका निवृत्त गृहस्थांकडे परदेशी मोटोक्रॉस गाडीचा जुना सांगाडा मिळाला. लांब शॉकअप, उंच मडगार्ड, पण पोटात इंजिन नाही. तिथं काय बसेल याचा विचार करताना मला आणि माझ्या मेकॅनिक मित्राला दर वेळी एकच गाडी आठवायची. भडगावजवळ माझ्या सासऱ्यांच्या, नानांच्या, गोठ्यात ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी टू-स्ट्रोक. नाना ती चालवत नव्हते, पण विकतही नव्हते. लग्नानंतर सासूबाईंना तिच्यावरूनच घरी आणलेलं.

चार वर्षांपूर्वी नाना गावाला गेले असताना आम्ही दोघांनी इंजिन काढलं. रिकाम्या जागी कपाशीवर औषध फवारायच्या पंपाचं बंद पडलेलं इंजिन पट्ट्या मारून बसवलं. बाजूला किकही स्प्रिंगवर लावली. मारली की परत वर यायची, एवढंच तिचं काम. नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना काहीतरी काळं दिसायचं, ते पुरेसं होतं.

आमची खिचडी गाडी मात्र झकास झाली. पहिल्याच उडीला गाडी नीट उतरली, मी थोडा बाजूला उतरलो.

वाईट वाटायचं ते दसऱ्याला. नाना गाडीला आंघोळ घालायचे, चाचपडत इंजिनाला हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचे. मी शेजारी हात जोडून उभा. फवारणीच्या पंपाची अशी तीन वर्षं पूजा झाली आणि मी प्रत्येक वेळी प्रसाद खाल्ला.

चौथ्या दसऱ्याआधी नानांचा फोन आला. "जवाईबापू, दसरा झाला का जयगावले डोयाचं ऑपरेशन शे. त्याना आधी यंदा गाडी चालू करू. आवाज ते आयकू द्या." नानांच्या बोलीत जळगावचं जयगाव होतं आणि डोळ्याचा डोया.

तेव्हाच सांगायला हवं होतं. बायकोलाही माहीत नव्हतं. मी मित्राला सांगितलं. त्यानं जे सुचवलं ते ऐकून शहाणा माणूस उठून गेला असता. मी टेम्पो ठरवला.

खिचडी गाडी केळीच्या पानांखाली झाकून सासरी नेली आणि गोठ्याच्या भिंतीमागे उभी केली. ठरलं असं की नानांनी किक मारली की मी खोकायचं, की मित्रानं मागे गाडी चालू करायची. पुन्हा खोकलो की बंद.

पूजा झाली. नानांनी किक मारली. मी खोकलो. काही नाही. नानांनी दुसऱ्यांदा पाय उचलला आणि तो खाली यायच्या आतच भिंतीमागे इंजिन कडाडलं. नाना पाय हवेत धरून ऐकत राहिले. चेहरा असा उजळला की मला खरोखरच खोकला आला.

"मन्ही गाडी शे!" नाना म्हणाले. मग त्यांनी टाकीवर हात ठेवला. टाकी गार, जराही थरथरत नव्हती. हात तिथंच राहिला. त्यांनी चावी फिरवून गाडी बंद केली.

इंजिन चालूच.

मी खोकलो. पुन्हा खोकलो. पण त्या आवाजात भिंतीमागच्या माणसाला खोकला कसा ऐकू जाणार, हा विचार आम्ही दोघांनीही केला नव्हता. बायको पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली.

"गाडी ते बंद करी दिनी मी," नाना शांतपणे म्हणाले. "मंग हाई काय वाजी राहिनं?"

मी सगळं सांगितलं. सांगताना ओरडावं लागलं, कारण मागे ते चालूच होतं. कबुली हळू आवाजात द्यायची असते, माझी अर्ध्या गल्लीनं ऐकली.

मित्र गाडी बंद करून ढकलत पुढे आला. नानांनी गरम इंजिनापाशी हात नेला. "आनि मी इतला वरीस कोनले कुंकू लाई राहिंतू?"

"फवारणीच्या पंपाला, नाना."

बायको हसली आणि मग माझ्याकडे बघून हसायची थांबली. नाना हसले नाहीत. "इंजिन मन्हं. बाकी बठ्ठं तुन्हं. तुन्हं तू काढी ले." पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच मी जवाईबापू नव्हतो. नव्या शर्टात, पुरणपोळीच्या वासात, आम्ही दोघं बोल्ट सोडत बसलो.

पण इंजिन मूळ गाडीत बसेना. ते माझ्या सांगाड्यात बसावं म्हणून मी त्याचे कान, म्हणजे बोल्टनं चौकटीला धरणारे कोपरे, कापले होते. तेही सांगावं लागलं.

तेव्हापासून इंजिनाला नवे कान जोडायला दर रविवारी भडगावला जातो. आता बशीतला चहा नाही, वाटीत चिवडा नाही. सासरी मला पहिल्यांदाच कुणी कामाला लावलंय, आणि खरं सांगतो, पाटावर बसवून घेण्यापेक्षा हे बरं आहे.

ऑपरेशननंतर नाना काळा चष्मा लावून गोठ्यात आले. मी लावलेला नवा कान निरखून पाहिला.

"हाई वेल्डिंग कोन्ही करं? मन्हापेक्षा आंधया व्हता का तो?"

"मीच केलं, नाना."

"काप मंग. परत कर," ते म्हणाले, आणि खाट सावलीत ओढून बसले.