गालाला लागेल असं पितळ

नव्वद सालानंतर इंदापुरात माझं टायपिंगचं दुकान होतं. शेजारच्या गाळ्यात एक कारागीर बंदुकांचे लाकडी दस्ते दुरुस्त करायचे, हौशी गिऱ्हाइकांना त्यात पितळेची नक्षीही बसवून द्यायचे. पितळेला काजळी फासून लाकडावर दाबायचं आणि काळं उमटेल तेवढंच कोरायचं, ही त्यांची रीत. त्यांची ठोकठोक कुणासाठी थांबत नसे. मी पार वैतागायचो. गिऱ्हाइकाला मात्र ते न चुकता विचारायचे, "डोळ्याला दिसंल असं बसवू, का नेम धरताना गालाला लागंल असं?" सगळे दिसेल असंच मागायचे.

एकदा कळसचे एक धनगर आबा आले. लांडग्यांच्या भीतीनं घेतलेली बंदूक होती, पण मेंढरं नुकतीच विकली होती. म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटा त्यांनी पुढं ठेवली.

"हिचं पान करून बसव. गालाला लागंल असं."

"घंटा मोडावी लागंल, आबा."

"व्हय. आता घालू कुणाला?"

काम झाल्यावर आबा बंदूक न्यायला आले. त्या पितळी पानावर त्यांनी गाल टेकवला. मग दस्ता कानाशी नेऊन हळूच हलवला.

कारागीर तेव्हा दुसरा दस्ता ठोकत होते. आबांनी बंदूक खाली घेईपर्यंत त्यांनी हातोडी तशीच वर धरून ठेवली.