उलट बोलणारा दांडा

पिंप्राळ्याच्या आमच्या घरात चळवळीची पत्रकं वर्तमानपत्राआधी वाचली जात. पोळ्यांच्या डब्यातही पत्रकच अंथरलेलं असे; शेवटची पोळी उचलली की खाली जाहीर निषेध. त्यामुळे शिरपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रकल्प निवडताना मी जोडीदारणीला विचारलंसुद्धा नाही. गटारात माणूस उतरणार नाही, यंत्राचा पंजा उतरेल. माणूस वर बसून दांडा हलवेल, आणि पंजा खाली कशाला अडला की तेवढ्याच जोराने दांडा त्याच्या हाताला मागे रेटेल.

हे रेटणंच सरांना खटकलं. "यंत्राने उलट बोलायचं नसतं. काढून टाका. कॅमेरा पुरे."

"वर बसून हुकूम सोडणाऱ्याला खालचा भार कळायलाच हवा, सर!" माझा आवाज सभेतला लागला.

"भाषण नको, दाखवा. नाही जमलं तर दांडा मुका."

जोडीदारीण साक्रीची. भरितासाठी तिने घरून पिशवीभर वांगी आणली होती. ठरलं, चिखलाच्या पिंपातून वांगं न चिरडता काढायचं. टाकलं, तर ते मजेत तरंगायला लागलं.

"ओ माय, वर उनं ना ते!" ती म्हणाली. सर पोट धरून हसले. शेवटी वांगं सुतळीने विटेला बांधून बुडवलं.

आधी सर, नुसत्या कॅमेऱ्यावर. पडद्यावर चिखलाशिवाय काही नाही. पंजा वर आला तो लगदा घेऊनच.

"कच्चं भरीत," ती पुटपुटली.

दुसरं वांगं बुडवलं. मी दांडा धरला, रेटा चालू केला. पंजा कशाला तरी टेकला. ती पडद्याला नाक लावून ओरडली, "वांगंच शे, धर!" पण दांडा तळहाताला भिंतीसारखा भिडला. वीट! सोडली, पंजा जरा बाजूला सरकवला. आता दांडा उशीसारखा हळूच मागे आला. मी दाबायची तिथेच थांबले, वर ओढलं. चिखलाने माखलेलं, खाली वीट लोंबकळतेय, पण वांगं अख्खं!

सरांनी ते धुतलं, अंगठ्याने चारही बाजूंनी दाबून पाहिलं. "बरं. बोलू दे त्याला."

उरलेली वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली. सरांनी घाईघाईत एक सोलायला घेतलं आणि "आई गं!" करत टाकून दिलं.

ती गंभीरपणे म्हणाली, "सर, वांगंबी उलट बोलनं."