गेरूचा पट्टा ओढलेली बकरी

मंगळवारी सकाळी चहाचा कप घेऊन ओट्यावर आलो, तर खांबाला बकरी बांधलेली. काळी-पांढरी, भरलेल्या कासेची, आणि पाठीवर गेरूचा आडवा पट्टा. शेजारी लाजरसबुवा अनवाणी उभे. त्यांच्या हातातल्या काठीचं टोकही लाल होतं.

“मोजून आनली, पाळकसायब,” ते म्हणाले. “दहावी हाये. देवाची.”

मी काही बोलायच्या आत त्यांनी हात जोडले आणि ते चालू लागले. चेहऱ्यावर आनंद नव्हता. चावडीवर सारा भरून निघालेल्या माणसासारखे ते गेले. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. खटकलं नाही, कारण मी कासेकडे बघत होतो. आमच्या घरी आठवडाभर बिनदुधाचा चहा चालला होता.

मी पाळक होतो. पाळक म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा धर्मगुरू. रविवारी उपासना चालवायची, उपदेश करायचा, लग्नं लावायची, माणसं पुरायची आणि उरलेल्या वेळात भांडणं मिटवायची, अशी ही नोकरी. पन्नासच्या दशकात माझी पहिली नेमणूक मंगरूळपीरला झाली. आता हा भाग वाशीम जिल्ह्यात आहे, तेव्हा अकोल्यात मोडायचा. मी नगरकडचा. वऱ्हाडी बोली कळायला मला सहा महिने लागले आणि माणसं कळायला त्याहून जास्त. आसपासच्या तीन गावांत मिळून वीसेक घरं माझ्याकडे होती. बहुतेक शेतमजूर, काहींची थोडी शेती.

लाजरसबुवांचं घर दोन कोसांवरच्या गावात. त्यांच्याकडे शेती नव्हती, बारा बकऱ्या होत्या. वयाच्या चाळिशीनंतर ते आमच्या प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकले होते. अक्षर न् अक्षर बोटाखाली धरून वाचायचे, आणि वाचलेलं सगळं खरं मानायचे. पाळकाच्या दृष्टीनं हा फार अवघड प्रकारचा माणूस.

बकरी माझ्या दारात आली ती माझ्याच तोंडामुळे. महिनाभरापूर्वी वाशीमहून, आम्हा पाळकांवर देखरेख ठेवणाऱ्या चेअरमनसाहेबांचं सर्क्युलर आलं होतं. परदेशी मिशनची मदत कमी होत चालली आहे, मंडळ्यांनी आपल्या पायावर उभं राहिलं पाहिजे, तरी सर्व पाळकांनी तीन रविवार दशमांशावर उपदेश करावा. दशमांश म्हणजे मिळकतीचा दहावा भाग. धान्य असो, जनावर असो, दहावा वाटा देवाचा. बायबलच्या जुन्या करारात इस्राएल लोकांना तसा नियम होता.

पहिल्या रविवारी मी नियम सांगितला. लोकांनी जांभया दिल्या. दुसऱ्या रविवारी मी तो रंगवला. ट्रेनिंगमध्ये आमच्या गुरुजींनी एक गोष्ट सांगितली होती. जुन्या काळी मेंढवाड्याच्या दाराशी धनी काठी घेऊन बसे. काठीचं टोक लाल रंगात बुडवलेलं. जनावरं एकेक करून काठीखालून जात आणि दहाव्याच्या पाठीवर लाल खूण होई. बरं-वाईट बघायचं नाही, बदलायचं नाही. मी हे हातवारे करून सांगितलं. वर, जो दहावा भाग ठेवून घेतो तो देवाची चोरी करतो आणि चोराच्या घरावर शाप असतो, हेही जोरात सांगितलं. त्या दिवशी कोणी जांभई दिली नाही. मी स्वतःवर खूष होऊन जेवलो.

आणि सोमवारी लाजरसबुवांनी गेरू कालवला.

मंगळवारी दुपारी त्यांची बायको सोनाबाई आली. दोन कोस पायी, कडेवर चार महिन्यांचं पोर. पोर रडून रडून थकलं होतं. सोनाबाई सरळ बकरीपाशी जाऊन बसली.

माझी बायको शांता नर्सिंग शिकलेली. तिनं पोराला उचललं, टाळूवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “याला काय पाजता?”

“या कबरी बकरीचं दूध, बाई. पानी घालून. याची माय, आमची रेबेका, बाळंतपनात गेली. दुसऱ्या बकऱ्या साऱ्या भाकड हायेत नाई तं गाभण. दुधाची हे एकच.”

“मग इथे कशी आणली?”

“दहावी आली न् काठीखाली! मी दारात आडवी झाली, बाई. म्हनलं पुढची घ्या, मागची घ्या. आयकत नाई हा मानूस.”

शांतानं माझ्याकडे पाहिलं.

कबरीनं परक्या दारात दूध चोरलं. सोनाबाईच्या हातालाही जेमतेम वाटीभर निघालं. मी म्हणालो, “सोनाबाई, आत्ता घेऊन जा तिला.”

“नेली तं हा मानूस घरात घेनार नाई. म्हनते, देवाच्या घरातली चीज माघारी आनली तं घर जळंल.”

“तुम्ही देवाचं काय ते बघा,” शांता आत जाता जाता म्हणाली. “मी पोराचं पोट बघते. आणि सोनाबाई, बकरी इथे आहे तोवर तुम्ही इथेच राहायचं.”

त्याच संध्याकाळी मी लाजरसबुवांच्या गावी गेलो. जाताना डोक्यात एक पळवाट तयार होती. बकरी बदलून घेतो, गाभण द्या, दुधाची घ्या. ते कुंपणाला काटे लावत होते. माझं ऐकून त्यांनी हात धुतले, आतून शास्त्र, म्हणजे बायबल, आणलं, बोट ठेवलं आणि मला वाचून दाखवलं. दहावं जनावर बदलायचं नाही. बदललं तर दोन्ही देवाची.

“तुमीच सांगतलं होतं, सायब.”

“हो. पण बुवा, नातू उपाशी आहे.”

त्यांनी पुस्तक मिटलं.

“सायब, बारा वर्सं झाली मले ख्रिस्ती होऊन. दहावा हिस्सा कदी देल्ला नाई. मले ठाऊकच नोतं. तुमी त्या दिवशी बोलून राह्यले होते तवा समजलं. देवानं आपला हिस्सा आपल्या हातानं नेला. रेबेका नेली माही. आता हे बकरी ठेवून घेतली तं पोराले नेईन. बकरी गेली तं दुसरं कायी पाजू त्याले. पोरगं गेलं तं काय करू?”

परतीच्या वाटेवर मला एक कळून चुकलं. प्रश्न आता बकरीचा राहिलाच नव्हता. एका बापाला त्याची मुलगी का मेली याचं कारण मी दिलं होतं, आणि ते धादांत खोटं होतं. पळवाट काढून बकरी परत गेली असती, पण ती भीती त्यांच्या घरातच राहिली असती. मला माझा उपदेश मागे घ्यायला हवा होता, आणि तो उपदेश करायचा हुकूम वरून आलेला होता.

बुधवारी पहाटेच्या मोटरीनं वाशीम गाठलं. चेअरमनसाहेब आमच्यात सगळ्यात वडील पाळक. कडक, पण मनानं चांगले.

“काय, दशमांश सुरू झाला का?” त्यांनी विचारलं.

“एक बकरी आली, साहेब.”

“वा!”

“ती परत करायची आहे.”

त्यांनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं.

“बदलून द्या दुसरी.”

“ते घेत नाहीत. शास्त्रात मनाई आहे, आणि त्यांनी ती वाचली आहे.”

“त्यांना वाचायला कोणी शिकवलं?”

“आपणच, साहेब.”

ते हसले नाहीत. मी धीर करून विचारलं, “मला एकच सांगा. आजच्या ख्रिस्ती माणसावर दशमांश बंधनकारक आहे का?”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “बंधनकारक नाही,” ते म्हणाले. “सोयीचा आहे.”

मग त्यांनीच ते उलगडून सांगितलं, मला शिकवावं तसं नाही, स्वतःशी बोलावं तसं. तो नियम इस्राएलाच्या देशाचा होता. तिथल्या याजकांना, म्हणजे मंदिरातल्या पुरोहितांना, जमीन नसे, म्हणून बाकीच्यांनी त्यांना पोसायचं. पुढे येशूच्या प्रेषितांनी ख्रिस्ती मंडळ्यांना पत्रं लिहिली, त्यांत द्या म्हणून सांगितलं, पण दहावा भाग कुठेच ठरवून दिला नाही. ज्यानं त्यानं मनात ठरवावं आणि खुशीनं द्यावं, कुरकुरत किंवा भिऊन नाही, एवढंच.

“मग मी हे मंडळीला सांगू?”

“सांगा. पण पुढच्या साली तुमच्या चुलीवर काय शिजेल, ते मला विचारायला येऊ नका. मंडळी देईल तेच खायचंय आता. तुम्हालाही आणि मलाही.”

“हो, साहेब.”

“आणि मी रिपोर्टात काय लिहू?”

“पाळकानं चुकीचा उपदेश केला आणि दुरुस्त केला, असं लिहा.”

“असं आजवर कोणी लिहिलेलं नाही,” ते म्हणाले. पण मोटरीपर्यंत सोडायला आले आणि दवाखान्यातून दुधाच्या पावडरीचा एक डबा मागवून माझ्या पिशवीत घातला.

दर बुधवारी दिवस मावळताना लाजरसबुवांच्या गावात प्रार्थनासभा असे. त्या बुधवारी मी, शांता, सोनाबाई, पोर आणि कबरी अशी आमची वरात दोन कोस चालत गेली. अंगणात सात-आठ घरची माणसं जमली होती. बकरी बघून लाजरसबुवा उठून उभे राहिले. मी गाणं, वाचन काही न करता सरळ बोललो.

“त्या रविवारी मी तुम्हाला जे सांगितलं ते चुकीचं होतं. दहावा भाग द्यायलाच पाहिजे, असा नियम आपल्यावर नाही. न देणाऱ्याच्या घरावर शाप येतो, हे तर मी नुसतं तुम्हाला घाबरवायला बोललो. मला माफ करा.”

पाळक माफी मागतो हे त्यांनी पाहिलं नव्हतं. मीही मागितली नव्हती.

लाजरसबुवांनी विचारलं, “मंग द्याचंच नाई काय देवाले?”

“द्यायचं. खुशीनं जेवढं देववेल तेवढं. पण पोराच्या तोंडातलं काढून नाही. ते देवानं मागितलेलं नाही, बुवा. मी मागितलं.”

ते जवळ आले. आवाज अगदी खाली गेला होता. “मंग माही रेबेका काहून गेली, सायब?”

ट्रेनिंगमध्ये या प्रश्नाला तीन-चार उत्तरं शिकवली होती. मला त्यातलं एकही द्यावंसं वाटलं नाही.

“मला ठाऊक नाही,” मी म्हणालो. “पण बकरीपायी नाही गेली. तुमच्याकडे देवाचं काही थकलेलं नव्हतं.”

ते तिथेच धुळीत बसले आणि मोठ्यानं रडले. मुलीला पुरलं त्या दिवशीही हा माणूस रडला नव्हता, ते दफन मीच केलं होतं. सोनाबाईनं पोर त्यांच्या मांडीवर ठेवलं. कबरीचा दोर माझ्या हातातून कोणी आणि कधी सोडवून घेतला, मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आपल्या दावणीला नेहमीइतकं दूध दिल्याचा निरोप आला.

चेअरमनसाहेबांचं म्हणणं मात्र खरं ठरलं. त्या हंगामात मंडळीकडून धान्य कमीच आलं. मनात ठरवा म्हटल्यावर काही जणांनी मनात फारच थोडं ठरवलं. आमच्याकडे दोन महिने ज्वारीच्या कण्या शिजल्या. शांता वाढताना माझ्याकडे बघून हसायची.

ज्वारी खळ्यावरून घरी आली की आमच्यात कापणीचा सण होतो. ज्यानं त्यानं शेतातलं काहीतरी आणून वेदीपुढच्या टेबलावर ठेवायचं. त्या रविवारी कणसं होती, तुरीच्या शेंगा होत्या, एक भोपळा होता. सगळ्यात शेवटी लाजरसबुवा आले. त्यांनी पितळी लोटा टेबलावर ठेवला. वर फडकं बांधलेलं, आत दूध. मागच्या बाकावर सोनाबाईच्या मांडीवर नातू बसला होता, आता धरल्याशिवाय बसणारा.

“कबरीचं हाये,” ते म्हणाले. “त्याचं पिऊन झाल्यावरचं. मोजलं नाई, सायब.”

त्या दिवसासाठी मी पाऊण तासाचा उपदेश लिहून आणला होता. पहिल्या बाकावरून शांतानं लोट्याकडे बोट दाखवून मला खुणावलं. दूध तसंच राहिलं असतं तर नासलं असतं. मी दहा मिनिटांत आटोपलं. कोणाचीही तक्रार आली नाही, आणि पुढची तीस वर्षं मी तेवढाच बोललो.