पहिल्या वर्षाची इंग्रजी आणि चाचींचा तवा

आधी चाचींचं सांगतो, मग माझं. उमरग्यात हायवेच्या कडेला त्यांची खानावळ आहे. पत्र्याचं छप्पर, चार बाकडी आणि दारातच चूल. ट्रकवाले, दवाखान्यात पेशंट घेऊन आलेली माणसं आणि आमच्यासारखी कॉलेजची पोरं तिथं जेवतात. चाची माझ्या नात्यातल्या नव्हेत. मी वाशीकडचा. जिल्हा एकच, पण वाशी त्या टोकाला अन् उमरगा ह्या. घरी जायचं म्हटलं की अख्खा दिवस एस.टी.त जातो. तरी आज मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला बसलोय ते चाचींमुळं.

माझी शाळा नववीतच सुटली होती. नापास झालो, जूनमध्ये त्याच वर्गात परत बसलो आणि शेजारी येऊन बसला माझा सख्खा धाकटा भाऊ. हजेरीत आमची नावं एकाखाली एक आली. गुरुजींनी काही टोमणा मारला नाही, पण पोरं हसली. आठवडाभरात मी दप्तर खुंटीला अडकवलं ते कायमचं. पुढं उमरग्याला टायरच्या दुकानात कामाला लागलो, बाहेरून दहावी-बारावी काढली आणि वर्गातल्या सगळ्यांपेक्षा मोठा होऊन कॉलेजात गेलो. सकाळी कॉलेज, दुपारनंतर दुकान.

पहिल्या वर्षी सगळं निघालं, इंग्रजी राहिली. मी गाईडातली उत्तरं पाठ केली होती. प्रश्न जरा वाकडा आला आणि पाठ केलेलं सगळं बिनकामाचं झालं. निकालावर 'एटीकेटी' लागलं. कुणाला विचारायची लाज वाटली. मला एकच नियम माहीत होता, नापास म्हणजे त्याच वर्गात. म्हणून कॉलेज उघडल्यावर मी गुपचूप पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन बसलो. आत शिरलो तर दोन पोरं उठून उभीच राहिली. त्यांना वाटलं, सर आले.

असे कितीतरी दिवस गेले. मग एका संध्याकाळी खानावळीत माझ्या जुन्या वर्गातल्या दोघांनी मला गाठलं.

"आरं, कुठं असतोस तू? सर रोज तुझं नाव घेतेत अन् भिंतीकडं बघतेत."

"असतो की. पहिल्या वर्षाला."

दोघं इतके हसले की एकाला ठसका लागला. चाचींनी चुलीजवळून मान वळवली. "हसू नका रे. आधी भाकर गिळा." मग मला म्हणाल्या, "बेटा, हे काय म्हणतेत?"

मी खाली मान घालून सांगितलं. चाचींनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चूल सुनेच्या हवाली केली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला पुढं घालून कॉलेजात आल्या. थेट इंग्रजीच्या सरांपुढं.

"साहेब, हे पोरगं पास हाय का नापास? एकच सांगा."

सर म्हणाले, "दोन्ही."

सरांनी चाचींना खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. विषय राहिला तरी दुसऱ्या वर्षात बसता येतं. तो विषय मानेवर घेऊन बसायचं एवढंच. पण ह्या वर्षात इंग्रजी निघाली नाही, तर दुसरं वर्ष पास होऊनही तिसऱ्याचं दार बंद. शिवाय हजेरी कमी पडली तर परीक्षेलाच बसू देत नाहीत. "आतापर्यंत तिकडं रोज गैरहजर लागलाय हा," सर म्हणाले. "आता एकही दिवस बुडवला तर मीसुद्धा काही करू शकत नाही."

चाचींनी थोडा विचार केला. "म्हंजे भाकर तव्यावर हाय. कच्ची बी न्हाय, झाली बी न्हाय."

"व्हय चाची, अगदी तसंच," सर त्यांच्याच बोलीत म्हणाले.

"मग वेळेवर उलथायला पायजे."

त्या दिवसापासून चाचींनी आपला नियम लावला. दुकानातून आलो की ताटावर बसायचं नाही, आधी चुलीजवळ बसून इंग्रजीचा धडा मराठीत सांगायचा. "मला कळला तर तुला कळला," असं म्हणायच्या. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं आणि नेमकी तिथंच माझी पंचाईत व्हायची. पाठांतर त्यांच्यापुढं चालायचंच नाही.

एका धड्यात एक म्हातारी होती. मुलगा जहाजावर गेलेला, आणि ती रोज खिडकीत दिवा लावायची.

"समुद्रात कायकू गेला? शेत नव्हतं?" चाचींनी पीठ मळता मळता विचारलं.

"धड्यात न्हाय दिलेलं, चाची."

"न्हाय दिलं तर काय झालं? तुला काय वाटतं?"

तेवढ्यात बाकड्यावरचा एक ट्रकवाला मधेच बोलला, "पोरगं परत येत न्हाय हे तिला ठाव हाय. तरी लावती."

"गप ओ! तुमी दोन-दोन महिने घरी जात न्हाय, तुमच्या आईनं दिवा इझवला का?"

तो माणूस भाकरी मोडायची थांबला. मग हसून म्हणाला, "चाची, आज वरण तिखट झालंय," आणि नाक पुसलं.

परीक्षेत त्याच धड्यावर प्रश्न आला. ती आई कशी होती, तुमच्या शब्दांत लिहा. गाईडात हे कुठंच नव्हतं. मी चाचींचं आणि त्या ट्रकवाल्याचं भांडण माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहून काढलं.

निकाल मोबाईलवर आला तेव्हा मी टायर उघडत होतो. काळ्याच हातानं खानावळीपर्यंत पळालो.

"उतरली?" चाचींनी विचारलं.

"उतरली चाची. दुसरं वर्षबी निघालं."

"हात धू. बस जेवायला." एवढंच बोलल्या. पण त्या दिवशी तव्यावरची भाकरी त्यांनी थेट माझ्या ताटात टाकली, आणि लगेच दुसरी.

निकाल म्हटलं की मला आजही नववीचा वर्ग दिसतो. पण आता चुलीजवळ जाऊन बसलो की जरा धीर येतो. तिथं बसून बसून मला एक गोष्ट दिसली. चाची सगळ्यांच्या मागून जेवतात. त्यांच्या वाटणीला नेहमी गार, कडक झालेली भाकरी येते.

म्हणून मी आता भाकरी थापायला शिकतोय. माझी भाकरी अजून महाराष्ट्राच्या नकाशासारखी होते, कर्नाटकच्या बाजूनं फाटते आणि चाचींची सून तोंडाला पदर लावून हसते. हसू दे. चाची, एक दिवस मी चुलीपुढं बसणार आणि तुम्ही पाटावर. तव्यावरची पहिली, फुगलेली भाकरी तुमच्या ताटात पडेल. तुमचं पोट भरल्याशिवाय मी चूल सोडणार नाही, हा माझा शब्द.