परवान्याची अफू

इंग्रज सरकारने भाजीवाल्या म्हातारीच्या आईला फसवलं, हे आधीच सांगतो.

१९९६च्या सुमारास भेस्तानच्या बाजारात मी या म्हातारीशी वांग्यांवरून रोज भांडायचो. गिऱ्हाइकाच्या कडेवर झोपलेलं पोर दिसलं, की ती त्याच्या तळपायाला गुदगुल्या करी आणि ते रडल्यावरच तराजू उचली. माझ्या मुलीला उठवलं तेव्हा मी भडकलो.

"मावशी, डोकं फिरलंय का? आत्ताच झोपली होती!"

"रडू दे भाऊ. रडतंय म्हणजे जितं आहे. माझी माय गिरणीत जाताना माझ्या धाकट्या भावाला झोपून राहावा म्हणून अफूची गोळी द्यायची. दुकानावर सरकारी पाटी होती, म्हणून तिला धास्ती वाटली नाही. एक दिवस तो उठलाच नाही."

"दुकानदाराला धरलं नाही?"

"त्याच्याकडे परवाना होता ना! परवान्याशिवाय चोरून अफू विकणाऱ्या एका बाईला मात्र तुरुंगात टाकलं."

त्या दिवशी मी घासाघीस केली नाही. आता ती नाही, पण तिच्यावर ओरडल्याचं अजून सलतं.

एका किडक्या वांग्यासाठी मी माणसाला जाब विचारतो. परवान्याची फी घेणाऱ्यांच्या खुर्चीत आज जो कोणी बसला असेल, त्याने त्या पोराचा जाब द्यावा.