हा आपटा नाही

आमच्या अंगणात आपटा नाही. कधीच नव्हता. हे मी कॉलनीत इतक्यांदा सांगितलंय की माझा घसा बसायची वेळ आली, पण दसरा उजाडला की फाटकाची कडी वाजते आणि कोणीतरी म्हणतंच, "ताई, दोन पानं घेतो बरं सोन्याची." दोन म्हणजे दोन कोणी घेत नाही. फांदी वाकवतात, कडकन मोडतात आणि अख्खी घेऊन जातात. वर त्यातलीच दोन पानं माझ्या हातावर ठेवून "सोनं घ्या" म्हणतात. माझ्याच झाडाची पानं मलाच, आणि वर मी हसून घ्यायची.

झाड कांचनाचं आहे. शेलूबाजारला हायवेच्या कडेला एक रोपवाटिका होती, तिथून मी ते आणलं. जीपमध्ये जागा नव्हती म्हणून वाशिमपर्यंत मांडीवर घेऊन बसले होते. रोपवाला म्हणाला होता, "रक्तकांचन हाय बाई. फागणात सारे पानं झडतात अन् झाडावर नुसतं फूल." तेवढ्या एका वाक्यावर मी भुलले. घर बांधलं तेव्हा आमच्या यांनी सगळ्या अंगणाला फरशी घातली. फाटकाजवळचा मातीचा एक तुकडा मी भांडून ठेवून घेतला. त्यात हे झाड. या घरात मी निवडलेली म्हणावी अशी ही एकच गोष्ट आहे. भिंतींचा रंगसुद्धा नणंदेने ठरवला.

मी शिवणकाम करते. मशीन खिडकीशी आहे, आणि खिडकीतून झाड दिसतं. पहिल्या उन्हाळ्यात त्याला जुन्या साडीचा आडोसा केला. खोडाला वाळवी लागली तेव्हा ती खरवडून चुना फासला. माहेरी रिठदला गेले की येताना पोत्यात शेणखत आणायचे, आणि बसमधल्या बाया नाकाला पदर लावायच्या. झाड वाढलं, गच्चीच्या कठड्याला लागलं. पण फागणात रानातला पळस पेटला तरी माझं झाड आपलं हिरवंगार, ढिम्म उभं. रोपवाल्याला विचारलं तर म्हणाला, पाणी जास्त होऊन राह्यलं. पाणी तोडलं, तर पानं माना टाकू लागली. पुढच्या वर्षी म्हणाला, पाणी कमी पडून राह्यलं. त्याच्या पुढच्या वर्षी विचारायला गेले तर रोपवाटिकाच उठून गेली होती. मोबाइलला पान दाखवलं की तो आज आपटा म्हणायचा, उद्या कांचन, आणि एकदा तर द्राक्षाचा वेल. डोकं फिरायचं माझं.

या वर्षी यांनी जाहीर करून टाकलं, "दिवाळीपरेंत फूल दिसलं नाई तं काढू हे. ना फूल ना फळ. गाडी उन्हात उभी राह्यते तिकडं." नुसतं बोलून थांबले नाहीत. पत्र्याच्या शेडवाला येऊन मापंसुद्धा घेऊन गेला. टेपचं टोक त्याने माझ्या झाडाच्या खोडालाच टेकवलं होतं.

मग मी हात धुऊन या झाडाच्या मागे लागले. रिठदला भावाच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, खरा आपटा आहे. त्याची डहाळी आणली आणि दोन्ही पानं शेजारी ठेवली. आपट्याचं पान लहान, जाड, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. माझ्या झाडाचं तळहाताएवढं, पातळ, आणि जवळजवळ मध्यापर्यंत चिरलेलं. झाडांची आवड असलेल्या लोकांच्या एका मोबाइल गटावर फोटो टाकले. उत्तर आलं की ही चीरच खूण आहे. रक्तकांचनाचं पान इतकं खोल चिरत नाही. हा देवकांचन दिसतो, याला फागणात नाही, पाऊस संपता संपता फूल येतं. म्हणजे कळ्या धरतात त्या दसऱ्याच्या तोंडावर, फांद्यांच्या शेंड्यांना. आणि आमची कॉलनी दरवर्षी नेमके तेच शेंडे सोनं म्हणून लुटून नेते!

मी मशीनवरून उठून सरळ गच्चीवर गेले. खालच्या फांद्या मोडून मोडून खुंटल्या होत्या, पण यंदाच वाढून कठड्याला टेकलेल्या एका फांदीच्या शेंड्याला लांबट, उभ्या कंगोऱ्यांच्या कळ्यांचा घोस होता. मला इतका आनंद झाला की मी तिथेच बसून एकेक कळी मोजली. खाली येऊन यांना सांगितलं. यांनी टीव्हीवरची नजर न काढता "बरं" म्हटलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हा आपटा नाही', आणि फाटकाला बांधलं. उपयोग एवढाच झाला की जे कधी थांबत नव्हते तेही थांबायला लागले. "मंग कायचं हाय हे?" सकाळपासून मी फाटकाशी खुर्ची टाकून डोळ्यांत तेल घालून बसले. समोरच्या काकू आल्या. दरवर्षी त्यांची पहिली फांदी ठरलेली.

"हा आपटा नाई काकू. कांचन हाय. कळ्या हायेत त्याले."

"पान तं तसंच हाय ना. देवाले काय समजते?"

"देवाले समजत नसन तं मंग कोनतंबी पान वाहा. कडुनिंबाचं वाहा."

काकूंचं तोंड एवढंसं झालं. "काहून वो बाई, दसऱ्याच्या दिवशी सोन्याले नाई म्हनते का कोनी?" असं म्हणून त्या ताडताड निघून गेल्या, आणि त्यांच्यामागे येणाऱ्या दोघी फाटकापर्यंतही न येता वळल्या. मला वाईट वाटलं. पण उठले नाही. दुपारी यांनीही तोंडसुख घेतलं, "साऱ्या कॉलनीशी वाकडं घेऊन राह्यली तू एका झाडापायी." मी म्हटलं, घेतलं तं घेतलं. संध्याकाळपर्यंत एक पानही कोणाला नेऊ दिलं नाही.

दिवे लागले तसे हे शिलंगणाला जाऊन आले. मी आत निरांजन लावत होते. फाटक वाजलं, पण यांना दारात यायला जरा वेळच लागला. बाहेरच्या जिन्यावर गच्चीचं दार वाजल्यासारखं वाटलं, पण फुलवात सारखी विझत होती, तिकडे लक्ष गेलं नाही. मी ताट घेऊन उंबऱ्याशी आले. हे समोर उभे, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर हसू. आणि त्यांनी माझ्या ताटात ती फांदी ठेवली.

"दिवसभर तू कोनाले हात लावू देल्ला नाई," ते म्हणाले, "म्हनून म्हटलं, शेंड्याचं चांगलं सोनं तुलेच द्यावं."

घोस अख्खा होता. त्यातली एक कळी फुटून पाकळ्या बाहेर आल्या होत्या, अरुंद, जांभळट गुलाबी. देवकांचनच. इतकी वर्षं मला जे जाणून घ्यायचं होतं ते कुंकवाच्या करंड्याशेजारी पडलं होतं.

"हे फूल हाय," मी म्हणाले, आणि आवाज नको तेवढा चढला. "पयलं फूल. तुमी तोडलं."

ते निरांजनाच्या उजेडात वाकले. नीट पाहिलं. "आपट्याले असं फूल येते?"

"हा आपटा नाई!"

शेजारी कोणाचं तरी दार उघडलं. यांचं हसू मावळलं. ते पडेल आवाजात म्हणाले, "येईन ना पुढच्या साली."

पुढच्या साली. म्हणजे शेड नाही, झाड राहणार. ते काय बोलून गेले हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. माझ्या आलं. तरी राग काही केल्या गिळवेना. ओवाळलं, कुंकू लावलं. त्यांनी रिवाजाप्रमाणे सोन्यासाठी हात पुढे केला. मी ताट उचललं आणि त्यांच्या हातावर काही न ठेवता आत निघून गेले.