चिखलदऱ्याला नेलेली परात

माझा नवरा म्हणतो, ती ट्रीप मी नासवली. नासवलीच. दहा माणसांत त्यानं विषय काढला की मी खुशाल हो म्हणते.

मे महिना होता. धंतोलीतल्या एका दवाखान्यात मी दिवसभर पेशंटच्या फायली काढते आणि घरी येऊन पोळ्या लाटते. आमचा कूलर हॉलमध्ये. त्याची हवा सोफ्यापर्यंत जाते, ओट्यापर्यंत काही येत नाही. एका संध्याकाळी मी लाटणं आपटलं आणि म्हटलं, मला चार दिवस या ओट्याचं तोंड पाहायचं नाही. नवरा एकदम उदार झाला.

"चिखलदऱ्याले जाऊ. मित्राचा तंबू आहे, हॉटेलचा खर्च नाही. अन् तुले कशालेच हात लावाचा नाही, बस्स!"

सासूबाईंसमोर म्हणाला, आमच्या अकरा वर्षांच्या पोरीसमोर म्हणाला. मी खुळी, दवाखान्यात सगळ्यांना सांगत सुटले.

पहाटे आम्ही चौघं निघालो, दुपारच्या आत वर पोचलो. एका शेतमालकाला विचारून बांधाजवळ तंबू ठोकला. ठोकला कसला, दोनदा उडाला. तिसऱ्यांदा त्याच्या चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. मग सतरंजी काढायला मी गाडीची डिक्की उघडली. सतरंजीखाली छोटी गॅसची शेगडी, पोळपाट, लाटणं, कणकेचा डबा आणि माझीच परात. रात्री मी झोपल्यावर यानं गुपचूप भरून ठेवलं होतं.

"हे काय जी?"

"आईले बाहेरचं पचत नाही न. दोन पोळ्या तं टाकाच्या आहेत, त्यात काय एवढं?"

"तुम्ही काय म्हटलं होतं?"

"अवं, म्हणाची गोष्ट वेगळी राहते."

सतरंजीवर बसता बसता सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी असे नखरे नव्हते, बाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरळ सांगितलं, मी करणार नाही, उपाशी राहा. आणि त्यांच्याकडे पाठ करून एका दगडावर जाऊन बसले. समोर अख्खी दरी होती. मी ती पाहिलीच नाही, माझे कान मागे लागले होते. नवरा पुटपुटत होता, "लय शेफारली." सासूबाई मुद्दाम भांडी वाजवत होत्या. वाजवा म्हटलं. खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती.

थोड्या वेळानं भांडी थांबली. "गुणाची वं माझी बाई," सासूबाई म्हणाल्या. मी वळून पाहिलं.

पोरगी परातीपुढे मांडी घालून कणीक मळत होती. पाणी जास्त झालं होतं, कोपरापर्यंत सगळं चिकटलं होतं. तिचा बाप मोबाईलवर फोटो काढत होता.

"पाय, पोरगी किती समजदार आहे! शिक काही तिच्यापासून."

मी उठून तिच्याजवळ गेले. "ऊठ वं. ठेव ते."

ती उठेना. मान खाली घालून हळूच म्हणाली, "करू दे ना आई. नाही तं हे दोघं चार दिवस तुलेच बोलत राहतील."

मला रडू फुटलं, रागानंच. मी बाटलीतलं पाणी तिच्या हातांवर ओतलं आणि नखांत अडकलेली कणीक काढली. परात उचलून नवऱ्यापुढे ठेवली.

"मळा."

"मी?" तो हसला. खरंच हसला, मी काही गंमत केल्यासारखा.

मी आमच्या दोघींची पिशवी उचलली, पोरीचा हात धरला आणि बसस्टँडचा रस्ता धरला. मागून तो ओरडला, "जा, जा! संध्याकाळी येशीलच वापस!" पण स्टँडवर परतवाड्याची बस उभीच होती. आम्ही बसलो आणि बस सुटली.

घाटातली दोन वळणं गेली. मग पोरगी म्हणाली, "आजीले आता कोण करून देणार?"

"तिचा पोरगा आहे ना तिथं," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला ते खरं वाटलं नाही.